शिडी कुठे लावायची हे सांगणारे नाव

‘ग्रंथालयात वायफाय येत नाही,’ असा फोन संगणक केंद्रात येतो. तिथला कर्मचारी पडद्यावर बघतो, तर बंद पडलेल्या उपकरणाचे नाव दिसते ‘नवीन-एपी-३७’. हे उपकरण ग्रंथालयातले आहे की वसतिगृहातले, ग्रंथालयातले असेल तर कोणत्या मजल्यावरचे, वाचनकक्षातले की नियतकालिकांच्या दालनातले, यातले काहीच त्या नावावरून समजत नाही. मग शिडी घेऊन एकेक छत तपासत हिंडावे लागते. दहा मिनिटांच्या कामात अर्धा दिवस जातो.

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या आवारात अशी उपकरणे शेकड्यांनी असू शकतात. त्यांना नावे देण्याची पद्धत ठरवणे हे काम वरवर कारकुनी वाटते, म्हणून ते शेवटच्या दिवसावर ढकलले जाते. खरे तर पहिली पेटी छताला लागण्याआधी ते व्हायला हवे. त्यासाठी आपण नेटवर्कचे जाणकार असण्याची गरज नाही. आवाराची नीट ओळख, एक तक्ता आणि थोडी चिकाटी एवढे पुरते.

आधी आपण कशाला नाव देत आहोत ते पाहू. छताला किंवा भिंतीला लावलेली पांढरी, चपटी पेटी म्हणजे ॲक्सेस पॉइंट. केबलमधून आलेले नेटवर्क ती रेडिओलहरींवर चढवते आणि आपला फोन त्या लहरी पकडतो. घरी आपण ज्याला राउटर म्हणतो त्यात हे काम करणारा भाग असतोच. आवारात मात्र तो भाग सुटा करून ठिकठिकाणी लावलेला असतो. रोज या पेट्या हाताळणारे लोक त्यांना नुसते ‘एपी’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

प्रत्येक एपीच्या संदर्भात तीन वेगवेगळ्या ओळखी कानावर येतात आणि पहिला गोंधळ इथेच होतो. पहिली ओळख म्हणजे एसएसआयडी, अर्थात फोनवर वायफाय शोधताना यादीत दिसणारे नाव. हे नाव नेटवर्कचे असते, पेटीचे नसते. सगळ्या आवारात ते एकच ठेवतात, म्हणजे विद्यार्थी वर्गातून कँटीनमध्ये गेला तरी त्याचा फोन आपोआप पुढच्या एपीला जोडला जातो. काही वेळा हे नाव ठरवणे आपल्या हातातही नसते. ‘एड्युरोम’ ही जगभरच्या विद्यापीठांची सामाईक वायफाय सेवा आहे आणि भारतात तिचे काम अर्नेट इंडिया ही संस्था पाहते. तिचा एसएसआयडी सगळीकडे तोच, लहान अक्षरांत लिहिलेला असावा लागतो.

दुसरी ओळख म्हणजे मॅक ॲड्रेस. हा कारखान्यातच दिला जाणारा बारा चिन्हांचा क्रमांक. त्याचा पहिला अर्धा भाग उत्पादक कोण ते सांगतो आणि उरलेला अर्धा त्या एका पेटीपुरता असतो. नवी पेटी पहिल्यांदा चालू केली की बहुतेक वेळा हाच क्रमांक तिचे नाव म्हणून पडद्यावर दिसतो. यंत्राला तो पुरतो, पण तो क्रमांक वाचून पेटी कुठे आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

तिसरे नाव आपण द्यायचे. ते दिसते कंट्रोलरवर, म्हणजे साऱ्या पेट्यांवर एका जागेवरून देखरेख करणाऱ्या यंत्रणेवर. पुढचे सगळे विवेचन या तिसऱ्या नावाबद्दल आहे.

नाव ठरवण्याआधी ते कोण वाचणार याचा विचार करा. तक्रार घेणारा कर्मचारी ते फोनवर ऐकतो. दुरुस्तीला जाणारा तंत्रज्ञ ते कागदावरून वाचतो, आणि तो बऱ्याचदा बाहेरच्या कंपनीचा असतो, आपल्या आवारात नवखा असतो. संगणक त्याच नावाने यादी लावतो, अहवाल काढतो. आपण बदलून किंवा निवृत्त होऊन गेल्यावर आपल्या खुर्चीवर येणारी व्यक्तीही तेच नाव वाचणार असते. या सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते: ही पेटी नेमकी कुठे आहे? म्हणून नावात जागा असावी, आणि जागेचाही तोच भाग असावा जो सहसा बदलत नाही. बाकी सगळी माहिती तक्त्यात ठेवावी.

हे पटायला सोपे आहे, पाळायला अवघड. नाव देणाऱ्याला मोह होतो की पेटीचे मॉडेल, तिचा आयपी ॲड्रेस, स्विचचा (म्हणजे सगळ्या पेट्यांच्या केबली जिथे जोडल्या जातात त्या यंत्राचा) पोर्ट, रेडिओचा चॅनेल, बसवल्याचे वर्ष, विभागाचे नाव हे सगळे नावात कोंबावे. आज ते उपयोगी वाटते. पण चॅनेल कंट्रोलर स्वतःच बदलत असतो, मॉडेल चार-पाच वर्षांत जुने होते आणि विभाग नव्या इमारतीत हलतो. नाव मात्र तसेच राहते आणि चुकीची माहिती देऊ लागते. ज्या नावातून काहीच समजत नाही, त्याच्यावर निदान कोणी विसंबत नाही. चुकीचे सांगणारे नाव माणसाला भलत्याच मजल्यावर पाठवते.

किल्ल्यांची नावे देण्याचा मोह मी समजू शकतो. प्रयोगशाळेतल्या पाच-सहा सर्व्हरना रायगड, तोरणा, शिवनेरी म्हणायला काही हरकत नाही. ती लक्षात राहतात आणि बोलायला सोपी जातात. संगणकाला नाव कसे द्यावे यावर इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांत १९९० सालचा एक छोटा लेख आहे, आरएफसी ११७८. त्यातही एखादा विषय धरून नावे द्यायची सूचना आहे, आणि यंत्राला मालकाचे किंवा प्रकल्पाचे नाव देऊ नये असेही बजावले आहे. पण तो सल्ला मोजक्या यंत्रांसाठी ठीक आहे. तीनशे एपींना तीनशे किल्ले मिळतीलही, पण तोरणा कोणत्या जिन्याजवळ आहे हे कोणाच्या लक्षात राहणार?

आता प्रत्यक्ष बांधणी. एक चांगला साचा असा: इमारत, मजला, खोली, आणि त्या खोलीतला पेटीचा क्रमांक. उदाहरणार्थ ‘एलबीआर-०२-२१४-१’, म्हणजे ग्रंथालय, दुसरा मजला, खोली २१४, पहिला एपी. प्रत्यक्षात ही नावे रोमन मोठ्या अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करायची असतात. इथे मी ती उच्चारानुसार देत आहे. डावीकडून उजवीकडे वाचताना मोठ्या जागेकडून छोट्या जागेकडे जायचे, म्हणजे यादी अक्षरक्रमाने लावली की एका इमारतीच्या, एका मजल्याच्या पेट्या आपसूक एकत्र येतात.

इमारतीचा संकेत ठरवायला इस्टेट विभागाकडून इमारतींची अधिकृत यादी मागून घ्या. आपल्या डोक्यातली यादी वापरू नका. तिच्यात हमखास काहीतरी राहून जाते, विशेषतः पंपघर, सुरक्षाचौकी, जिमखाना आणि कर्मचारी निवास. आवारातल्या इमारतींना क्रमांक असतील आणि ते भिंतींवर रंगवलेले असतील तर तेच घ्या, त्याहून चांगले काही नाही. क्रमांक नसतील तर प्रत्येक इमारतीला तीन अक्षरांचा संकेत द्या, आणि सगळ्यांना तीनच. कुठे दोन, कुठे पाच अशी अक्षरे झाली की यादी वाकडीतिकडी दिसते आणि पुढे संगणकाला नावाचे तुकडे करायला त्रास होतो.

संकेत व्यक्तीच्या किंवा विभागाच्या नावावरून बेतू नका. आपल्याकडे नावे बदलतात आणि त्यामागे लोकांच्या भावना असतात. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ साली झाला, पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ साली मिळाले, जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ साली लागले. संस्थांचे असे होते तिथे सभागृहांचे आणि इमारतींचे होणारच. मुंबईच्या व्हीजेटीआयचे उदाहरण मात्र वेगळे आहे. १८८७ साली स्थापन झालेली ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ १९९७ साली ‘वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट’ झाली आणि आद्याक्षरे तीच राहिली. प्रत्येक वेळी अशी आद्याक्षरे जुळणार नाहीत. म्हणून संकेत कामावरून ठरवा: ग्रंथालय, कार्यशाळा, वसतिगृह तीन. आणि पद्धतीत लिहूनच ठेवा की इमारतीचे नाव बदलले तरी संकेत बदलणार नाही.

संकेत निवडताना ते मोठ्याने म्हणून बघा. फोनवर बी, डी, पी, टी ही अक्षरे एकसारखी ऐकू येतात, त्यामुळे दोन इमारतींच्या संकेतांत फक्त या अक्षरांचा फरक असू नये. दुसरी काळजी म्हणजे ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरे संकेतांतून वगळूनच टाका. मग नावात जे गोल दिसेल ते शून्य आणि जी उभी रेघ दिसेल तो एक, असे डोळे झाकून म्हणता येते. वरच्या उदाहरणात ग्रंथालयासाठी ‘एलआयबी’ न घेता ‘एलबीआर’ घेतले ते याच कारणासाठी.

मजला ही सगळ्यात निरुपद्रवी वाटणारी आणि सगळ्यात जास्त वाद घालायला लावणारी गोष्ट आहे. आपल्याकडे तळमजला शून्य आणि त्यावरचा पहिला. अमेरिकेत जमिनीलगतचा मजलाच पहिला धरतात, आणि परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाराचा नकाशा चढवताना हा फरक गुपचूप आत शिरतो. तेव्हा ठरवून टाका: तळमजला ०० आणि त्यावरचा ०१. लिफ्टमध्ये ‘जी’ लिहिलेले असले तरी नावात ०० च.

उतारावरच्या आवारात गोष्ट आणखी अवघड होते. एका बाजूने आत शिरले तर तो तळमजला असतो, दुसऱ्या बाजूने शिरले तर तोच दुसरा मजला ठरतो. अशा इमारतीत आपले डोके चालवण्याऐवजी खोल्यांच्या पाट्यांवर जे क्रमांक आहेत त्यांना प्रमाण माना. तळघराला ‘बी१’, अर्ध्या उंचीच्या मजल्याला ‘एम१’, गच्चीला ‘टीआर’ अशी दोन चिन्हे द्या, म्हणजे मजल्याची जागा दोन चिन्हांचीच राहील.

आकड्यांच्या आधी शून्य लावण्याचा आग्रह काहींना अनाठायी वाटतो. पण संगणक बहुतेक वेळा नावे अक्षर-अक्षर करून लावतो. त्यामुळे १ नंतर १०, मग ११, आणि नंतर कधीतरी २ येतो. ०१, ०२, १० असे लिहिले की क्रम सरळ लागतो.

खोलीच्या क्रमांकात मजला आलेलाच असतो, मग २१४ च्या आधी पुन्हा ०२ कशाला, असे आपल्याला वाटेल. नव्या इमारतीत खरोखरच गरज नसते. जुन्या इमारतींत मात्र खोली क्रमांक १४ दुसऱ्या मजल्यावर असू शकते, आणि नंतर पार्टिशन घालून केलेल्या खोल्यांना १४-अ, १४-ब असे क्रमांक असतात. दोन जादा आकडे लिहिण्याचे कष्ट परवडतात.

खोलीचा क्रमांक कुठून घ्यायचा? दारावर लावलेल्या पाटीवरून. वास्तुविशारदाच्या नकाशावरचे क्रमांक बांधकामाच्या वेळचे असतात आणि पुढे कोणी पाट्या लावताना ते पाळलेले असतातच असे नाही. तंत्रज्ञाच्या हातात नकाशा नसतो, त्याला पाटी दिसते. नकाशा घेऊन इमारतीतून एक फेरी मारा आणि जिथे पाटी व नकाशा जुळत नाहीत तिथे खूण करा. ही फेरी टाळली तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या पायावर उभी राहते.

व्हरांड्यातल्या पेटीला खोली नसते. तिथे सर्वांत जवळच्या दाराचा क्रमांक घेऊन त्याआधी ‘सी’ लावा: ‘सी२१४’ म्हणजे २१४ समोरचा व्हरांडा. जिन्याजवळच्या आणि प्रवेशदालनातल्या पेट्यांसाठीही असेच एकेक अक्षर ठरवा. दोन-तीन अक्षरांपलीकडे जाऊ नका, नाहीतर ती अक्षरे समजावून सांगायला वेगळी पुस्तिका लागेल.

मोठ्या सभागृहात सहा-आठ एपी असतात. त्यांना क्रमांक देताना नियम एकच हवा आणि तो कोणालाही जागेवर उभे राहून वापरता आला पाहिजे. मला सोयीचा वाटतो तो असा: मुख्य दारातून आत या, भिंत डाव्या हाताला ठेवून चालू लागा, भेटेल ती पहिली पेटी १, पुढची २. भिंती संपल्या की मधल्या छतावरच्या पेट्या व्यासपीठाकडून मागे मोजा. उत्तर-दक्षिण दिशा वापरू नका. बंद सभागृहात उत्तर कुठे हे पटकन सांगता येणारी माणसे फार कमी असतात.

खोलीत एकच पेटी असली तरी शेवटचा ‘-१’ लिहा. पुढच्या वर्षी तिथे दुसरी पेटी लागू शकते, आणि तेव्हा पहिलीचे नाव बदलावे लागू नये. उघड्यावरच्या पेट्यांसाठी विजेच्या खांबांना क्रमांक असतील तर तेच खोलीच्या जागी वापरा. मैदान, पार्किंग यांना इमारतीसारखाच तीन अक्षरी संकेत द्या.

लिखाणाचे नियम थोडेच आहेत. फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ. मोकळी जागा नको, अधोरेखा नको, टिंब नको. कारण हेच नाव पुढे डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीत, जाऊ शकते. आणि तिथे यंत्राच्या नावाला अक्षरे, आकडे आणि रेघ एवढेच चालते, शिवाय रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. डीएनएसमध्ये अशा एका नावाला ६३ चिन्हांची मर्यादा आहे, पण काही कंट्रोलर ३२ वरच थांबतात. आपला साचा वीस चिन्हांच्या आत बसवा. मराठीत लिहायची हौस असेल, आणि असायला हवी, तर कंट्रोलरवर वर्णनाचा वेगळा रकाना असतो. यंत्रणेला देवनागरी चालत असेल तर तिथे ‘ग्रंथालय, दुसरा मजला, संदर्भ विभाग’ असे खुशाल लिहा.

साचा ठरला की लगेच सगळीकडे लावू नका. आवारातल्या सर्वांत त्रासदायक तीन जागा निवडा: वाढीव बांधकाम झालेली जुनी इमारत, मोठे सभागृह आणि एखादी उघडी जागा. तिथल्या पेट्यांची नावे कागदावर लिहा. मग ज्याने ही पद्धत पाहिलेली नाही अशा एखाद्या सहकाऱ्याला फोनवर नाव सांगून पेटी शोधून काढायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे साच्यात दुरुस्ती हवी. कागदावर दुरुस्ती फुकट होते.

आता तक्ता. नावातून जे जे बाहेर ठेवले ते सगळे इथे येते: मॅक ॲड्रेस, कारखान्याचा सीरियल नंबर, मॉडेल, डेडस्टॉक रजिस्टरचा क्रमांक, कोणत्या रॅकमधल्या कोणत्या स्विचच्या कितव्या पोर्टला केबल जाते, बसवल्याची तारीख, पेटीचा एक फोटो. याशिवाय दोन रकाने मी आवर्जून सुचवेन. एक, किती उंच शिडी लागते. दुसरा, खोलीची किल्ली कोणाकडे असते. प्रत्यक्ष दुरुस्तीत सर्वाधिक वेळ या दोन गोष्टी खातात.

एक्सेलमध्ये तक्ता करत असाल तर पहिली ओळ लिहिण्याआधी सगळे रकाने ‘टेक्स्ट’ प्रकारचे करून घ्या. नाहीतर ०२ चा २ होतो. मधे ‘ई’ असलेला सीरियल नंबर गणिती संख्या समजून भलत्याच रूपात दाखवला जातो. एखाद्या इमारतीला आपण ‘एमएआर’ संकेत दिला आणि एका रकान्यात ‘एमएआर-०२’ लिहिले, तर एक्सेल त्याला मार्च महिन्यातली तारीख समजते. ही अडचण इतकी जुनी आहे की मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने अशी तारखेसारखी दिसणारी काही जनुकनावे चक्क बदलली आणि २०२० साली आपल्या मार्गदर्शक नियमांत ही काळजी नोंदवली. आपण इमारतींच्या संकेतांतून महिन्यांची तीन अक्षरी इंग्रजी रूपे आधीच टाळू शकतो.

यानंतर येतो सर्वांत जोखमीचा टप्पा: योग्य नाव योग्य पेटीला लावणे. साचा कितीही उत्तम असला तरी इथे घसरण होते. ठेकेदाराची माणसे दहा पेट्या एका हातगाडीवर घेऊन मजल्यावर जातात, खोके उघडतात आणि हाताला येईल ती पेटी लावतात. नावे मात्र आधीच कोणीतरी कार्यालयात बसून मॅक ॲड्रेसवार भरून ठेवलेली असतात. परिणाम असा की शेजारच्या दोन खोल्यांच्या पेट्यांची अदलाबदल होते. दोन्ही चालतात, म्हणून कोणाला कळत नाही. वर्षभराने २१४ मधली तक्रार येते, तंत्रज्ञ पडद्यावर पाहून २१४ चे नाव असलेली पेटी नव्याने सुरू करतो, आणि २१५ मधल्या वर्गाचे नेटवर्क जाते.

यावर उपाय म्हणजे क्रम उलटा करणे. पेटी कुठे लावायची ते आधी ठरवा, ती त्या जागी नेल्यावर तिच्या पाठीवरचा बारकोड फोनने टिपा आणि तिथेच, शिडीच्या पायथ्याशी, तक्त्यात नावासमोर मॅक ॲड्रेस भरा. त्यानंतरच पेटी वर चढवा. एकदा छताला लागली की पाठीमागचा क्रमांक दिसत नाही. संध्याकाळी त्या दिवसाचा तक्ता कंट्रोलरमध्ये एकत्र भरता येतो. बहुतेक यंत्रणा मॅक ॲड्रेस आणि नाव अशा जोड्यांची फाइल स्वीकारतात.

मग पडताळणी. अनेक कंट्रोलरवरून एखाद्या पेटीचा दिवा लुकलुकता करता येतो. एकजण कार्यालयात बसून नाव निवडतो, दुसरा खोलीत उभा राहून दिवा पाहतो. तशी सोय नसेल तर स्विचवरून त्या पोर्टची वीज क्षणभर बंद करा. एपीला वीज सहसा नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते, त्यामुळे पेटी विझते आणि पुन्हा सुरू होते. शिवाय स्विच आणि एपी एकमेकांना आपली ओळख सतत सांगत असतात. एलएलडीपी नावाच्या या ओळखपरेडमुळे कोणत्या पोर्टला कोणती पेटी आहे हे स्विचवर वाचता येते. ते तक्त्याशी ताडून पाहा. मात्र केबलवरची चिठ्ठीच चुकलेली असेल तर स्विचवरून खोली कळणार नाही, म्हणून निदान काही पेट्यांजवळ जाऊन खात्री केलीच पाहिजे.

फोनवरच्या ॲपने पडताळणी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. ॲपमध्ये दिसणारा पत्ता पेटीच्या पाठीवरच्या मॅक ॲड्रेसशी तंतोतंत जुळत नाही. एकच पेटी प्रत्येक रेडिओवर, प्रत्येक एसएसआयडीसाठी वेगळा पत्ता वापरते. सामान्यतः शेवटचे एक-दोन आकडेच वेगळे असतात. ते पाहून ‘चुकीची पेटी लागली’ असे समजून उगाच खाली उतरवू नका.

पेटीवर नावाची चिठ्ठी लावा, आणि जमिनीवर उभे राहून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावा. तेच नाव केबलच्या दुसऱ्या टोकाला, रॅकमधल्या पॅच पॅनलवर हवे. छापील, टिकाऊ चिठ्ठी घ्या; पेनाने लिहिलेली आपल्या हवेत एक-दोन पावसाळे पाहून पुसट होते. पेटीवरचा दिवा चिठ्ठीखाली झाकला जाणार नाही एवढे बघा.

पेटी बिघडून नवी आली की काय करायचे? नाव जागेचे आहे, पेटीचे नाही. भाडेकरू बदलला म्हणून घर क्रमांक बदलत नाही. नव्या पेटीला जुन्याच जागेचे नाव द्या, तक्त्यात मॅक ॲड्रेस व सीरियल नंबर बदला आणि जुने क्रमांक शेजारच्या रकान्यात तारखेसह राहू द्या. कंट्रोलरवरून जुनी नोंद काढायला विसरू नका, नाहीतर एकाच नावाच्या दोन पेट्या दिसतात, त्यातली एक कायम बंद. तसेच एका इमारतीतली पेटी काढून दुसरीकडे लावली तर तिचे जुने नाव तिच्यासोबत जाऊ देऊ नका. लॉगिनच्या नोंदींत पुष्कळदा एपीचे नाव साठवले जाते. नाव जागेला चिकटून राहिले तरच मागच्या वर्षी कोणत्या वर्गात किती फोन जोडलेले होते याला अर्थ राहतो.

नावाबाबत सुरक्षिततेचा एक मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. एपी सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाक हवेत सोडत असतो, आणि काही कंपन्यांच्या पेट्या त्या हाकेत आपण दिलेले नावही घालतात किंवा घालण्याची सोय देतात. वायफायची मोजणी करणाऱ्यांना ते फार उपयोगी पडते, पण रस्त्यावरच्या कोणालाही ते वाचता येते. म्हणून नावात ‘परीक्षा-स्ट्राँगरूम’, ‘सर्व्हर-रूम’, ‘रोख-विभाग’ असले काही लिहू नका. मुलींच्या वसतिगृहालाही इतर वसतिगृहांसारखाच साधा क्रमांक द्या. खोलीचा क्रमांक काम भागवतो.

ज्यांच्या आवारात आधीच शेकडो पेट्या वाटेल त्या नावांनी चालू आहेत त्यांनी एका रात्रीत सगळे बदलू नये. एक इमारत घ्या, ती पुरी करा, मग पुढची. तक्त्यात ‘जुने नाव’ हा रकाना ठेवा. जुन्या तक्रारी आणि आलेख त्याच नावाने शोधावे लागतील. काही यंत्रणांत नाव बदलताच पेटी पुन्हा सुरू होते आणि तिच्यावरचे सगळे फोन काही मिनिटे तुटतात. म्हणून हे काम सुटीच्या दिवशी करा आणि ऑनलाइन परीक्षांच्या आठवड्यात त्याला हातच लावू नका.

हे सारे नियम एका पानात लिहून काढा: साचा, इमारतींची यादी, मजल्यांचे संकेत, सभागृहात मोजायची रीत, आणि नवे नाव देण्याचा अधिकार कोणाचा. अधिकार एकाच व्यक्तीकडे, तिच्या गैरहजेरीत एका ठरलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडे असावा.

नवीन खरेदी होणार असेल तर हे पान निविदेला जोडा. चिठ्ठ्या लावणे, फोटो काढणे आणि भरलेला तक्ता सुपूर्द करणे हे ठेकेदाराच्या कामातच धरा, आणि शेवटचा हप्ता त्यावर अवलंबून ठेवा. हप्ता सोडण्याआधी प्रत्येक इमारतीतल्या काही पेट्या आपण स्वतः निवडा. कोणत्या, ते ठेकेदाराला आधी सांगू नका. तिथे जाऊन चिठ्ठी, तक्ता आणि पडद्यावरचे नाव तिन्ही जुळतात का ते बघा. एका ठिकाणीही जुळले नाही तर तो सगळा मजला पुन्हा तपासून मागा. आणि तक्त्याची मूळ प्रत संस्थेच्या स्वतःच्या खात्यात असू द्या. ठेकेदाराच्या लॅपटॉपवर राहिलेला तक्ता देखभालीचा करार संपल्यावर मागायला गेले की मिळत नाही.